घरामागचं कुळागर आणि ‘हे खाता येतं का?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून फोंडा तालुक्यात राहायला आल्या. घरामागे जुनं, निम्मं पडीक झालेलं कुळागर (माड-सुपारीची मिश्र बाग) आहे. माड आणि माडी (सुपारी) त्यांना ओळखता येतात. भिरंडाची (कोकमाची) तीन झाडं आहेत, पण फळ एकालाच धरतं. काटेरी खोडाचं एक उंच झाड आहे, खोडालाच हिरवी लांबट फळं लटकणारं एक लहान झाड आहे, उतारावर काजू आहेत आणि पावसाळ्यात जमिनीतून बरंच काही उगवतं. कुंपणावर एक वेल चढलाय, त्याच्या पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे गोळे धरतात. यातलं खाण्याजोगं काय, उपयोगाचं काय आणि मुलांना सांगावं असं काय, ते त्यांना हवं आहे.

ताई, मी गेली 31 वर्षं याच अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, कुळागर राखतोय. ‘हे झाड खाता येतं का’ असं मी लहानपणी विचारलं की आई उत्तर देत नसे, उलट विचारत असे: कुठला भाग? कुठल्या महिन्यात? कशाबरोबर? तेव्हा राग यायचा. आज तुम्हाला उत्तर देताना मलाही त्याच तीन प्रश्नांतून जावं लागतंय, कारण तुमच्या आवारातलं जवळजवळ प्रत्येक झाड एका बाजूने अन्न आहे आणि दुसऱ्या बाजूने त्रास.

भिरंडापासून सुरुवात करतो. ज्या दोन झाडांना फळ धरत नाही त्यांना खत घालून काही होणार नाही. भिरंडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून केलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात, आणि पहिलं फूल येईपर्यंत पानावरून किंवा खोडावरून ते ओळखता येत नाही. फूल यायला सहा-सात वर्षं जातात. मी पहिल्यांदा बारा रोपं लावली, त्यातली सात नर निघाली. सात वर्षं पाणी शेंदून वाढवलेली झाडं तोडायला हात धजत नाही. थंडीत, साधारण नोव्हेंबरपासून पुढे, फुलं आली की नीट पाहा. नर फुलं झुपक्याने येतात आणि मध्ये नुसते पिवळसर पुंकेसर दिसतात. मादी फूल बहुधा एकटंदुकटं असतं, त्याच्या मध्यावर हिरवा गोल बीजकोश दिसतो. दोन्ही झाडं नर निघाली तर एक ठेवा, कारण परागासाठी नर लागतोच. मी स्वतः दहा-बारा मादी झाडांमागे एक नर ठेवतो.

नवं झाड लावायचं तर मादी झाडावरून बांधलेलं कलम घ्या. पण त्यातही एक मेख आहे. भिरंडाची आडवी फांदी घेऊन कलम बांधलं तर ते झाड जन्मभर आडवंच वाढतं, झुडपासारखं जमिनीसरशी पसरतं. कलमाची काडी शेंड्याची, सरळ वर जाणारी हवी, तरच झाड मनोऱ्यासारखं उभं राहतं. एका रोपवाटिकेने मला आडव्या काडीची चार कलमं दिली होती. ती आज वीस वर्षांची आहेत आणि अजून त्यांच्याखालून वाकून जावं लागतं. घेताना सरळ वाढलेलंच कलम मागून घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या दोन जाती दिल्या आहेत, त्यांची कलमं मिळतात.

फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि पावसाशी त्याची शर्यत असते. पहिली सर आली की फळं गळून कुजतात, सोलं वाळत नाहीत. गोव्यात घरोघरी फळ फोडून साल नुसती वाळवतात, तीच सोलं. तळकोकणातलं काळं, मऊ आमसूल वेगळ्या रीतीने होतं: साल भिरंडाच्याच मिठवलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, असं चार-पाच वेळा. मीठ घालून टिकवलेला दाट रस म्हणजे आगळ. तो काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच ठेवा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांना ही आंबटाई खाते आणि तो धातू आपल्या पोटात जातो. मुलांना दाखवायचं तर थोड्या आगळात चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल रंग डोळ्यांदेखत मळकट निळसर होईल. भिरंडाचा रंग आम्लात लाल राहतो, आम्ल गेलं की पालटतो.

साल काढून झाल्यावर बिया फेकू नका, ही माझी कळकळीची विनंती. बियांच्या वजनाच्या पावभाग तेल निघतं. बी वाळवायची, फोडायची, वाटायची, पाण्यात उकळायची. वर तरंगणारं तेल थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं. हेच भिरंडेल. ते सुमारे 40 अंशांना वितळतं, म्हणून आमच्या मे महिन्यातही डब्यात घट्ट राहतं आणि अंगावर चोळलं की ऊब लागून मऊ होतं. भेगाळलेल्या टाचांना माझ्या आजीपासून आम्ही दुसरं काही लावलेलं नाही. कोकोच्या लोण्यासारखाच याचा स्वभाव आहे. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटचे नियम केले, त्यात कोकोच्या लोण्याऐवजी पाच टक्क्यांपर्यंत वापरायला ज्या सहा वनस्पतींच्या चरबीला परवानगी दिली त्यात कोकम आहे. आणि आमच्याकडे बियांचे ढीग पाणंदीत टाकलेले दिसतात. त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

काटेरी खोडाचं झाड म्हणजे तिरफळ. खोडावर शंकूसारखे जाड काटे आणि पान चुरगळलं की लिंबाच्या सालीचा वास, एवढी खूण पुरे. लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं हे झाड आहे. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी आणि नेपाळातला टिमूर हे त्याचे सख्खे भाऊबंद. पावसाळा सरता सरता हिरव्या घोसांत फळं धरतात. वाळली की तडकतात आणि आत काळंभोर चकचकीत बी दिसतं. नव्या माणसाची इथे हमखास चूक होते. एवढं देखणं बी पाहून तो तेच जपून ठेवतो आणि साल टाकतो. बी कडवट आणि कचकचीत असतं, ते काढून टाकायचं. सगळा गुण सालीत आहे. ती जिभेवर ठेवली की तिखट लागत नाही, झिणझिण्या येतात आणि ओठ बधिर होतात. त्या मिरीतही हाच गुण आहे, दोघांतलं द्रव्य एकाच जातीचं.

बांगड्याच्या हुमणात (नारळाच्या वाटणाच्या कालवणात) तिरफळ हवंच, आणि शाकाहारी घरात खतखत्यात, म्हणजे मिसळीच्या भाजीत. सात-आठ फळांच्या साली थोड्या पाण्यात किंचित ठेचून, आमटी उतरायच्या जरा आधी घालायच्या. जास्त ठेचलं किंवा वाटणात घातलं तर अख्खं कालवण कडू होतं. वाढताना साली बाजूला काढायच्या, त्या खात नाहीत.

खोडाला लटकणारी लांबट हिरवी फळं म्हणजे बिंबलं, तुमच्याकडच्या पुस्तकांत बिलंबी. फणसासारखंच हे खोडावर फळणारं झाड. सुंगटांच्या (कोलंबीच्या) हुमणात चार बिंबलं चिरून घातली की चिंच-कोकम काही लागत नाही. लोणचंही उत्तम होतं. देव्हाऱ्यातली पितळेची भांडी बिंबल अर्धं कापून चोळली तर सोन्यासारखी निघतात. पण इथे थांबून मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बिंबलाचा कच्चा रस साखरेवर किंवा कोलेस्टेरॉलवर औषध म्हणून पिण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. या फळात ऑक्सॅलिक आम्ल भरपूर असतं. पेलाभर रस रिकाम्या पोटी गेला तर ते मूत्रपिंडात स्फटिक होऊन बसतं. असा रस पिऊन मूत्रपिंडं अचानक बंद पडलेले रुग्ण केरळातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. कालवणातली चार फळं आणि पेलाभर रस यांत पोट आणि इस्पितळ एवढं अंतर आहे. याचंच भावंड करमल, तारेसारखं कापलं जाणारं. ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्यांनी ते एकही खाऊ नये, कारण त्यात मेंदूवर परिणाम करणारं विष असतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, अधू मूत्रपिंडाला ते जमत नाही.

ऑक्सॅलिक आम्लाचं नाव निघालंच आहे तर अळवाकडे येतो. पहिल्या पावसानंतर तुमच्या पाटाच्या कडेला जे रान अळू माजतं ते आमचं तेरें. त्यातही तेच आम्ल असतं, पण कॅल्शियमशी जुळून त्याच्या सूक्ष्म सुया झालेल्या असतात. या सुया तोंडाच्या आतल्या कातडीत घुसतात आणि त्यांच्यासोबत आलेलं प्रथिन खाज वाढवतं. म्हणून तेरें भरपूर शिजवायचं आणि सोबत आंबट हवंच: सोलं, चिंच, बिंबल, नाहीतर आंबाडे. पूर्वीच्या बायकांनी सूक्ष्मदर्शक पाहिलेला नव्हता. तरी एकीनेही बिनआंबटाचं तेरें रांधलं नाही. रानसुरणाच्या जातीतली लूत तर याहून खाजरी. ती पहिल्या वर्षी स्वतः करू नका. शेजारणीकडून शिजलेली आली तर खा आणि ती कशी करते ते पाहून ठेवा. मुलांना मात्र एवढं सांगा: दिवाणखान्यातल्या कुंडीतलं पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचं डिफेनबाकिया हेही अळवाच्याच कुळातलं. ते चघळलं तर जीभ सुजून बोलणं बंद होतं, आणि ते शिजवूनही खायचं झाड नाही.

तेऱ्याबरोबरच तायकिळो उगवतो, तुमचा टाकळा. भिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, आणि ओलं खोबरं घालून त्याची भाजी करतात. जून-जुलैत वीतभर रोपाचे कोवळे शेंडेच खुडायचे, फुलावर आलं की पान चिवट आणि उग्र होतं. संध्याकाळी मुलांना घेऊन त्याच्याजवळ बसा. दिवस मावळला की पानं जोडीजोडीने मिटतात. त्याच्या बियांतल्या डिंकाने डबाबंद कुत्र्या-मांजरांचं अन्न घट्ट करतात.

पण खुडताना पानं मोजा. तायकिळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि टोकं गोलसर. त्याच जागेत कासविंदा उगवतो, त्याला रानटाकळाही म्हणतात. त्याला चार-पाच जोड्या असतात, टोकं अणकुचीदार आणि वास घाणेरडा. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं दर थंडीत लहान मुलं एका न उलगडणाऱ्या आजाराने दगावत होती. ती खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती, हे तिथल्या डॉक्टरांनी पुढे दाखवून दिलं. म्हणून कासविंदा मी मुलांच्या वाटेवरून मुळासकट काढतो.

काजूबद्दल तुम्ही विचारलंय की तो इथलाच का. नाही, तो ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी आणला आणि नावही तिथल्या तुपी लोकांच्या ‘अकाजू’ या शब्दावरून आलं. कधी आणला याचा एक छान धागा आहे. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात माड आहे, आंबा आहे, फणस आहे, काजू नाही. 1578 मध्ये क्रिस्तोव्हाँ द कॉश्तच्या ग्रंथात मात्र काजू आहे, कोचीकडे पाहिलेला. म्हणजे त्या पंधराएक वर्षांत काजू या किनाऱ्यावर डोळ्यांत भरण्याइतका वाढला असणार. पणजीत चर्चजवळच्या बागेला त्याच गार्सियाचं नाव आहे, मुलांना घेऊन गेलात तर तिथे बसून ही गोष्ट सांगा. मिरची, अननस, पपई, पेरू हीसुद्धा त्याच वाटेने आलेली पाहुणी मंडळी. त्याआधी आमच्या कालवणांत तिखट म्हणजे मिरी आणि आलं.

ज्याला आपण काजूचं फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ खाली लटकणारी बी. बोंडवात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं आणि तो गळून पडल्यावरच वेचायचा, झाडावरून तोडायचा नाही. वेचलेले बोंडू मळायचे, त्यांचा रस आंबवून भाणावर (दारू गाळायच्या भांड्यावर) चढवला की पहिल्या वाफेचा हुर्राक आणि पुन्हा उकळून काढलेली फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घरी तुम्हाला करायला आवडेल ती नीरो: बोंडवांचा लगदा फडक्यात बांधून टांगून ठेवायचा आणि न पिळता थेंबथेंब गळणारा रस त्याच दिवशी प्यायचा. चिमूटभर मीठ घातलं तर जास्तच छान.

बी मात्र कच्ची फोडू नका, दातांनी तर कधीच नाही. टरफलातलं तेल कातडी जाळतं. काजू भाजताना धूर तोंडावर घेऊ नका, तोही जाळतो. हे त्या कुळाचंच लक्षण आहे. आंबा, काजू, आंबाडा आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड येतो तो त्याच जातीच्या द्रव्याने. बिब्ब्याचं तेल तर इतकं जहाल आणि इतकं पक्कं काळं की धोबी त्याने कपड्यांवर खुणा करत. आणि त्याच बिब्ब्याच्या आतला गर म्हणजे गोडंबी, जी तुम्ही बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत घालता. टरफल फोड आणतं, गर अंग भरून काढतो, आणि दोन्ही एकाच बोटभर फळात.

फणसाबद्दल एवढंच सांगतो. तो एक फळ नाही, शेकडो फळांचा गड्डा आहे. एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचं फळ. गऱ्यांमधले जे चिवट पांढरे पट्टे आपण काढून टाकतो ती फळ न धरलेली फुलं. ज्या फणसात परागण चांगलं झालं त्यात गरे जास्त आणि चिवट पट्टे कमी. हे कळल्यापासून मी फणसाच्या झाडाजवळ फुलाच्या दिवसांत फवारणी करत नाही.

माडाचं एक दुखणं तुमच्या कुळागरात दिसेल. जुन्या माडांवर चढायला पाडलेल्या खाचा. आंब्या-फणसाची साल सोलली गेली तर हळूहळू भरून येते, कारण सालीखाली वाढणारा थर असतो. माडाला तो थर नसतो. खोडाची जाडी तरुणपणी ठरते ती ठरते. घातलेली खाच माड मरेपर्यंत तशीच राहते, तिच्यात पाणी साचतं, सोंड्या भुंगा वास घेत येतो. म्हणून नव्या माडांवर खाचा पाडू देऊ नका, पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) शिडी द्या. आणि तुमच्या बाजूला नारळाची जी ‘बाणवली’ जात विकतात ना, ते नाव आमच्या सासष्टीतल्या बाणावली गावाचं.

माडीच्या सावलीत एखादं जायफळ सापडतंय का बघा. त्यातही नर-मादी वेगळे. पिकलं की साल दुभंगते आणि काळ्या बीवर लाल रंगाची जाळी दिसते, ती जायपत्री. वाळली की लाल रंग जाऊन पिवळट होते, म्हणून खराब झाली समजून टाकू नका. सालीचं लोणचं घालतात. जायफळ मात्र चिमटीच्या मापाचं औषध. लहान मूल झोपावं म्हणून कुणी जास्त उगाळून द्यायला सांगितलं तर ऐकू नका, जास्त झालं की ते गुंगी आणतं.

कुंपणावरच्या केवणीचीही चौकशी करा. सालीचा वाक इतका चिवट की दोरखंड वळतात. तिच्या स्क्रूसारख्या पिळलेल्या शेंगा म्हणजे तुमच्या बाळगुटीतली मुरुडशेंग.

आता विषारी झाडांबद्दल, कारण तुमच्या घरात लहान मुलं आहेत. गोव्यात चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, शेंगा, पानं बांधतात, ती माटोळी. कला व संस्कृती संचालनालय तिची स्पर्धाही घेतं. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजनं (पपनस), आंबाडे यांच्यासोबत तिथे कांगलां असतात, घागऱ्यांच्या खुळखुळणाऱ्या शेंगा असतात, कवंडळं असतात, आणि वाघनखीही असते. बाहेरून आलेल्या पुष्कळांचा समज होतो की देवावर टांगलेलं ते सगळं खायचं. तसं नाही. माटोळी म्हणजे रानाची ओळख-परेड आहे, तिच्यात अन्न, औषध आणि विष शेजारी-शेजारी बसतात. वाघनखी, म्हणजे तुमची कळलावी, तिच्या प्रत्येक भागात कोल्चिसिन असतं. संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर तेच अत्यल्प मात्रेत देतात. तिचा कंद मात्र खाण्याच्या कणगांसारखा (रताळ्यासारख्या कंदांसारखा) दिसतो आणि रताळं समजून खाल्लेली माणसं दगावली आहेत.

डोंगरउतारावर नारिंगी, गुळगुळीत, छोट्या संत्र्यासारखी फळं दिसली तर तो काजरा, आमचा कारो. बीत स्ट्रिक्नीन असतं. त्याचा गर धनेश खातात, वानरं खातात, आणि त्यावरून ‘पक्षी खातो ते माणसाला चालतं’ असा एक नियम लोक सांगतात. तो नियम खोटा आहे आणि तो सांगणाऱ्याला मी नेहमी काजऱ्याच्या झाडाखाली नेतो. कुंपणाला लावलेला मोगली एरंड, लाल-काळी गुंज, पिवळी कण्हेर ही तीन आणखी. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुलं एकमेकांना वाटून खातात, मग सगळ्यांना एकदम उलट्या सुरू होतात. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, फांदी सोबत घ्या आणि थेट इस्पितळ गाठा. झाड डॉक्टरांना दाखवता आलं तर त्यांचा अर्धा वेळ वाचतो.

पावसाळ्यात वारुळावर उगवणारी ओळमी (अळंबी) ही वनस्पतीच नव्हे, पण तुम्ही विचारणारच. ही बुरशी वाळवी आपल्या वारुळात स्वतः पिकवते, माणसाला तिची लागवड जमलेली नाही. वारूळ खणलं की पुढच्या वर्षी काही नाही. वरून खुडा, तीही पूर्ण उमलून बी सांडलेली काही तशीच ठेवून. आणि ओळखणारा सोबत नसेल तर खुडूच नका. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांतून तर काहीच आणायचं नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती बंदी आहे.

उरला तुमच्या कुंपणावरचा वेल. हृदयाच्या आकाराची पानं आणि बेचक्यात करडे-तपकिरी गोळे, म्हणजे तो कारांदा. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास वेल वाळायला लागतो, तेव्हा गोळे हात लावताच गळतात. लावणीचा कारांदा मिठाच्या पाण्यात उकडून सोलून खातात, किंचित कडसर आणि पिठूळ, मला फार आवडतो. पण रानातला तसाच दिसणारा वेल कडू आणि विषारी असतो. तो राखेच्या पाण्यात उकळून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून खाणारे लोक आहेत, ते काम त्यांनाच जमतं. तुमचा कुठला, ते मला वर्णनावरून सांगता येणार नाही आणि चाखून पाहा असंही मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडून तुम्ही हे कुळागर घेतलंत त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना एकदा फोन करा आणि विचारा, या वेलाचे कारांदे त्यांच्या घरी उकडत होते का. ‘हो’ म्हणाल्या तर नोव्हेंबरात चार गोळे उकडा आणि दोन परत जमिनीत पुरा. त्यांना आठवत नसेल तर यंदा वेल तसाच राहू द्या.